जॉबरचे हंस आणि जॉबरिणीची बदकं

जॉबरला ऐकू येत नसे, पण नव्या माणसाच्या ते बरेच दिवस लक्षात येत नसे. समोरच्याचे ओठ दिसले की त्याला सगळं कळायचं, अगदी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंसुद्धा. पाठीमागे मात्र कुणी तोफ डागली असती तरी त्याला पत्ता लागला नसता.

त्याचे कान यंत्रमागांनी खाल्ले होते आणि ओठ वाचायला शिकवलं तेही त्यांनीच. तरुणपणापासून तो कापडाच्या एका कारखान्यात होता. माग बिघडला की जो येऊन दुरुस्त करतो त्याला तिथं जॉबर म्हणत. पुढे तेच त्याचं नाव झालं. शेडमध्ये सगळे माग एकदम चालायचे, सूत नेणारे धोटे या कडेहून त्या कडेला आपटायचे, आणि त्या धडधडाटात ओरडून काही उपयोग नसे. म्हणून तिथली माणसं आवाजच काढत नसत. ओठ मोठे मोठे हलवून बोलत आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून ऐकत. पलीकडच्या रांगेत एक मुलगी धोट्यात घालायच्या कांड्या भरायची. एके दिवशी, मध्ये सगळे माग चालू असताना, जॉबरनं तिला लांबूनच विचारलं, "लग्न करतेस का?" ती म्हणाली, "आधी आईला विचारा." दोघांच्या मधल्या बायकांनी हे वाचलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडला कळलं. आईला शेवटी कळलं.

कारखाना बंद पडला तेव्हा दोघांचे केस पिकले होते. एकुलत्या एक मुलीचं लग्न होऊन ती दूरच्या शहरात राहत होती. या दोघांनी गावाच्या कडेला एक बैठं घर घेतलं. पुढे व्हरांडा, मागे ऐसपैस मोकळी जागा, आणि जागेच्या टोकाला तळं. तळं कसलं, पूर्वी विटांसाठी माती काढली होती, त्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. काठाला लव्हाळं माजलं होतं आणि उतार निसरडा होता.

"इथं बदकं छान होतील," जॉबरीण म्हणाली.

"होतील की," जॉबर म्हणाला. "तू कर."

तिनं केली. बदकांच्या बाबतीत तिला कुणी गुरू नव्हता. चुकत चुकत शिकली. बदकं अंडी घालतात उजाडता उजाडता, आणि तेव्हाच त्यांना मोकळं सोडलं तर चिखलात, गवतात, पाण्यात, जिथं असतील तिथं टाकून मोकळी होतात. म्हणून ऊन चांगलं वर येईपर्यंत ती त्यांना खुराड्यात कोंडून ठेवायची. पिण्याचं पाणी चोच बुडेल इतकं असून भागत नाही, नाकपुड्या बुडतील इतकं खोल लागतं, नाहीतर नाकं चोंदतात आणि डोळे चिकटतात. म्हणून तिनं घरातल्या कपडे धुवायच्या बादल्या, टब सगळं त्यांच्या हवाली केलं. अंडी बेकरीवाला घेऊन जायचा. बदकाच्या अंड्यानं केक फुगतो, असं तो म्हणायचा, आणि जॉबरिणीला ते स्वतःचं कौतुक वाटायचं.

जॉबरला या कारभारात रस नव्हता. "बदक म्हणजे काय, तर पाय फुटलेला चिखल," एवढंच त्याचं मत होतं. तो व्हरांड्यात बसून लोकांच्या वस्तू दुरुस्त करायचा. पंखे, स्टोव्ह, कुलपं, शिवणयंत्रं. हातातलं यंत्र उघडलं की तो त्यात बुडून जायचा, आणि कानांची आडकाठी नसल्यामुळे फार खोल बुडायचा.

एकदा जॉबरीण भरदुपारी बाजारात गेली. जाताना सांगून गेली, "बदकं बाहेर आहेत, लक्ष ठेवा." जॉबरनं मान हलवली, एक टेबलफॅन मांडीवर घेतला आणि तळ्याकडे पाठ करून बसला. ती परत आली तेव्हा सगळ्या अंगणभर पिसं उडत होती. भटकी कुत्री कुंपणाखालून शिरली होती. निम्मी बदकं गेली होती, उरलेली तळ्याच्या मधोमध एकमेकांना चिकटून बसली होती. जॉबरचा पंखा दुरुस्त झाला होता. तो आता चालवून बघत होता.

जॉबरीण त्याच्यावर ओरडली नाही. ओरडून काय होणार होतं? तिनं पिसं गोळा केली, कुंपणाखाली दगड लावले आणि संध्याकाळी फाटकाशी समोरच्या शिंपिणीजवळ मन मोकळं केलं. "काय सांगू तुला," ती म्हणाली, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. यांच्या भरवशावर काही ठेवायचं म्हणजे भिंतीला राखणीला बसवायचं."

हळूच म्हणाली होती. पण व्हरांड्यातून फाटक दिसत होतं, दिवा लागलेला होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती विसरली होती की या नवऱ्याच्या बाबतीत हळू बोलून भागत नाही, तोंड फिरवावं लागतं.

जॉबरनं ते सगळं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो गावाच्या पाण्याच्या टाकीवर गेला. टाकीवरचा पंपवाला त्याच्या ओळखीचा होता. टाकीच्या आवारात पंपवाल्यानं राखणीसाठी हंस पाळले होते. हंस म्हटलं की लोकांना चित्रातला पक्षी आठवतो, मान वाकवून पाण्यावर तरंगणारा. हे तसले नव्हेत. हे घरगुती हंस, अंगानं बदकाच्या तिप्पट, मान जाडजूड, चाल मुकादमाची आणि तोंड सदा उघडं. फाटकाजवळ माणूस थांबला की हे कालवा करतात, आणि कुत्र्याला तर पंख पसरून अंगावर जातात. जॉबर एक नर आणि दोन माद्या दोन टोपल्यांत घालून घेऊन आला.

जॉबरीण दारात उभी होती. "ही काय बला आणलीत?"

"भिंतीच्या जागी," जॉबर म्हणाला.

तिला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा ती आत निघून गेली, आणि हंसांना ठेवायचं की नाही हा विषय त्या दिवसापुरता मिटला.

विषय मिटला, पण कटकट त्या दिवसापासूनच सुरू झाली. नर हंसानं आल्या आल्या खाण्याच्या कुंड्याचा ताबा घेतला. बळी तो कान पिळी. बदकांना कान दिसत नाहीत म्हणून तो शेपट्या पिळायचा. कुंड्याच्या आसपास एखादं बदक फिरकलं की मान जमिनीलगत लांब करून फिस्कारत जायचा आणि शेपटीचं पीस उपटूनच परत यायचा. एकदा तर एका बदकाची मान धरून त्यानं पाण्याखाली दाबली. जॉबरीण काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली तेव्हा सोडली. मग तो तिच्या अंगावर गेला. जॉबरीण काठावर चढली, शेजारी पडलेलं पिंपाचं झाकण तिनं ढालीसारखं पुढे धरलं आणि मागं मागं सरकत घर गाठलं.

"एक तर तो राहील, नाहीतर मी," ती धापा टाकत म्हणाली.

जॉबर म्हणाला, "जरा बघू दे."

बिघडलेल्या मागाकडे बघतात तसं त्यानं बघितलं. व्हरांडा सोडून चार-सहा दिवस तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसला. बसल्या बसल्या त्याला एकेक गोष्ट उलगडत गेली. भांडण सगळं एका जागी होतं, कुंड्याशी. म्हणून त्यानं दुसरं कुंडं केलं आणि दोन्ही अशा कोपऱ्यांत ठेवली की एकावरून दुसरं दिसू नये. हंस मुळात गवत खाणारा प्राणी, चरायला मिळालं की त्याचं डोकं शांत राहतं. म्हणून सकाळी बदकं खुराड्यात असतानाच हंसांना चरायला सोडायचं ठरलं. पोट भरलेला हंस बदकाकडे ढुंकूनही बघत नसे. त्यांच्या जोडीच्या दिवसांत नराचं डोकं फिरतं, तेवढे दिवस मध्ये जाळीची आडभिंत. आणि बदकांतही नर जास्त झाले होते, माद्यांच्या पाठी लागून त्यांच्या मानेची पिसं काढत होते, तो दोष हंसांचा नव्हता. जास्तीचे नर पंपवाल्याला देऊन टाकले.

हे सगळं जमायला बरेच दिवस गेले, पण जमलं. बदकं आणि हंस एका आवारात राहू लागले. मैत्री म्हणता येणार नाही. एका घरात दोन भाडेकरू असतात तसे, आपापल्या पाण्यात आणि आपापल्या वेळेला.

दरम्यान एक हंसीण अंड्यांवर बसली आणि कंटाळून उठून गेली. जॉबरिणीनं त्यातलं एक अंडं उबवायला बसलेल्या खुडूक बदकीखाली सरकवलं. त्यातून जे पिल्लू निघालं ते बदकांतच वाढलं. आईच्या दुप्पट झालं तरी तिच्यामागेच चालायचं, आणि आई दमली की जॉबरिणीच्या मागे. खऱ्या हंसांना ते घाबरायचं. जॉबरीण त्याला पोरगी म्हणायची. "हंस वाईट, पण ही माझी पोरगी चांगली," ती सांगायची.

राखणीचं म्हणाल तर हंसांनी कसूर केली नाही. कुत्री परत एकदा आली, नर पंख पसरून पुढे झाला, आणि ती पुन्हा त्या वाटेला गेली नाहीत. पण हंसाला मोठं संकट आणि छोटं संकट यातला फरक कळत नाही. मीटरवाला आला, की कालवा. वाऱ्यानं प्लॅस्टिकची पिशवी उडाली, की कालवा. डोक्यावरून घार गेली, शेजारच्या टेरेसवर कुणी चादर झटकली, शिंपिणीनं खिडकी उघडली, तरी तेच. गल्लीच्या पहिल्यांदा नाकी नऊ आले. मग लांडगा आला रे आला म्हणतात तसं झालं. लोकांनी कानाडोळा करायला सुरुवात केली. हंस ओरडले की खिडकी लावून घ्यायची, इतकंच.

या सगळ्यात गंमत अशी की ज्याच्यासाठी हंस आणले त्यालाच ते ऐकू येत नव्हते. अगदी पायाशी येऊन ओरडला तर नराचा आवाज जॉबरला छातीत थरथरल्यासारखा जाणवायचा, तेवढाच. पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. हंस आहेत, म्हणजे घराला कान आहेत, असं तो धरून चालला. बंदोबस्त बसला, तसा तो पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसू लागला.

ती सकाळ इतर सकाळींसारखी होती. शिंपिणीचं शिवणयंत्र दुरुस्तीला आलं होतं. जॉबरनं ते उलटं करून त्याचे सुटे भाग फडक्यावर मांडले होते. जॉबरीण बटाटे पाण्यात घालून ठेवून मागे गेली. एक बदकी दोन-चार दिवस खुराड्यात अंडं देत नव्हती, म्हणजे कुठेतरी चोरून घालत होती. जॉबरीण तिच्या मागावर तळ्याच्या पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात गेली. अंडी सापडली. ती घेऊन वळताना तिचा पाय उतारावर सटकला, आणि ती कमरेवर पडली. उठायला गेली तर पाय तिचं ऐकेना.

ती ओरडली. नवऱ्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता, म्हणून शिंपिणीला मारली, बेकरीवाल्याच्या पोऱ्याला मारली, कुणालाही मारली. तिच्या ओरडण्यानं हंस बिथरले आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागले. त्या गोंगाटात तिची हाक बुडून गेली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

शिंपिणीनं पुष्कळ वेळ सहन केलं. मग ती रस्ता ओलांडून फाटकाशी आली आणि जॉबरनं मान वर करेपर्यंत हात हलवत राहिली.

"जॉबर, तुमच्या हंसांना आवरा हो! डोकं उठलं माझं!"

जॉबरनं ते वाचलं. हसला. "बायको आहे तिकडे, ती बघेल," असं म्हणाला, आणि शिंपिणीचंच यंत्र तिला उचलून दाखवलं, की बघ, तुझंच काम चाललंय. शिंपीण चरफडत परत गेली.

एक बारीक स्क्रू बसत नव्हता. तो बसला तेव्हा जॉबरला भुकेची जाणीव झाली. जेवायची वेळ झाली की जॉबरीण आतून येऊन त्याच्या पायाजवळची फरशी पायानं ठोकायची. तो थरथराट त्याला कळायचा. आज फरशी वाजली नव्हती. ऊन व्हरांड्याच्या आत आलं होतं. तो स्वयंपाकघरात गेला. चूल गार होती आणि बटाटे न सोललेले पाण्यात होते.

मागच्या दारातून त्यानं बघितलं. तिन्ही हंस पाण्याच्या कडेला उभे, माना उंच, चोची उघड्या, तिघांचीही तोंडं एकाच दिशेला. त्याच्या दृष्टीनं सगळं अंगण निःशब्द होतं. तो त्या मानांच्या रोखानं गेला.

जॉबरीण उतारावर कुशीवर पडली होती. तोंड चिखलानं माखलं होतं. बदकं तिच्या आजूबाजूला तिच्या खिशातले दाणे मिळतील या आशेनं घुटमळत होती आणि पोरगी तिच्या पाठीला टेकून खुशाल झोपली होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. पण जॉबरशी बोलायला तिला घसा लागत नव्हता.

"आलात?" ती ओठांनी म्हणाली. मग म्हणाली, "हलवू नका मला. पाय मोडलाय."

जॉबरनं त्या दिवशी आरडाओरडा केला असं गल्ली सांगते. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यामुळे तो किती मोठा निघाला हे त्याला ठाऊक नाही. हंस चूप झाले एवढा मोठा होता, असं शिंपीण म्हणते. ती धावत आली, मागोमाग बेकरीवाला आला. जॉबर तोवर घरात जाऊन मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढत होता. त्या दारावर ठेवून तिघांनी जॉबरिणीला रस्त्यापर्यंत नेलं. बेकरीच्या टेम्पोत ते दार जेमतेम मावलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मुलगी निरोप मिळताच आली, आईजवळ बसली, घरी येऊन सगळं आवरलं, आणि मागच्या दारातून तळ्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वळून वडिलांकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "बाबा, हे बंद करा. बदकं, हंस, सगळं. आईचं वय काय, तुमचं वय काय. आणि तुम्हाला तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. जॉबरनं ते पुरं वाचलं.

त्याला सारखं ते फाटक दिसत होतं आणि फाटकात हात हलवणारी शिंपीण. मी हसलो, हे त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. शिवणयंत्राला मात्र त्यानं नंतर हात लावला नाही. फडक्यावर मांडलेले भाग तसेच राहिले, आणि शिंपीण एक दिवस न विचारता फडक्याचं गाठोडं बांधून घेऊन गेली.

मुलगी असतानाच त्यानं हंसांची व्यवस्था लावली. बदकं बायकोची होती, त्यांना हात लावायचा त्याला अधिकार वाटला नाही. हंस त्याचे होते. ते त्यानं टोपल्यांत घातले आणि पंपवाल्याला परत देऊन आला. पोरगी बदकांतलीच समजून मागे ठेवली. मुलगी समाधानानं परत गेली.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात भेटायची वेळ थोडी असे. पण वॉर्ड तळमजल्यावर होता आणि जॉबरिणीची खाट खिडकीला लागून. वेळ संपली की जॉबर बाहेर पडायचा, इमारतीला वळसा घालून बागेत यायचा, आणि बंद काचेपलीकडून दोघांचं बोलणं पुढे चालू व्हायचं. नर्सला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा वेडा आहे.

"बदकं कशी आहेत?" जॉबरीण काचेतून विचारायची.

"बरी आहेत."

"कोंडून ठेवता ना सकाळी?"

"ठेवतो."

"आणि हंस?"

आत, खाटेजवळ बसून विचारलं असतं तर त्यानं खाली बघितलं असतं, आणि संभाषण तिथंच संपलं असतं. पण काचेतून बोलताना खाली बघता येत नाही.

"परत दिले," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"लेकीनं. आणि मलाही वाटलं. काय उपयोग झाला त्यांचा?"

जॉबरीण उशीवरून थोडी वर झाली. तिचं दुखत होतं ते चेहऱ्यावर दिसलं. ती बोलली ते सावकाश बोलली. "त्यांना मी दोन वेळा काठीनं हाणलंय, माझं त्यांच्यावर प्रेमबिम नाही. पण ते सगळी सकाळ ओरडत होते. सगळ्या गल्लीनं ऐकलं. त्यांनी त्यांचं काम केलं की नाही?"

"केलं."

"मग काम ज्यांनी केलं नाही त्यांना द्या परत."

जॉबरला वाटलं ती त्याच्याबद्दल बोलते आहे. तो काचेजवळ गेला. "मला कुणाला देणार?"

जॉबरीण हसली, आणि हसल्यानं पुन्हा दुखलं. "तुम्हाला कोण घेणार? मी गल्लीबद्दल बोलतेय."

तरी त्यानं विचारलंच. "तुला राग नाही आला?"

"आला की. तिथं पडल्या पडल्या पुष्कळ आला. तुम्हाला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलं असतं तर! पण बोलून झालं. आता परत कुठून आणू?" मग ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या खाटेवरची बाई आपल्याकडे बघतेय. जा आता."

जॉबर दुसऱ्या दिवशी टाकीवर गेला. पंपवाल्यानं डोक्याला हात लावला. त्याच्या कळपात आधीच एक थोराड नर होता, आणि आलेल्या पाहुण्याला त्यानं असं काही बडवलं होतं की जॉबरचा नर टाकीच्या मागे, पाइपांच्या आडोशाला, एक पंख लोंबवत बसला होता. एक मादी त्याच्याजवळ होती. दुसरी थोराड नराच्या कळपात रुळली होती. तिनं जॉबरकडे बघितलंही नाही. "राहू दे तिला," जॉबर म्हणाला. तो दोघांना घेऊन आला.

जॉबरीण घरी आली तेव्हा तो नर कोपऱ्यात चरत होता. मार खाऊन त्याची रगच गेली होती. बदकांनी ते तेव्हाच हेरलं होतं आणि जुने हिशेब चुकते करून घेत होती. बुटकी बुटकी बदकं येऊन त्याच्या शेपटीला चोच मारून पळायची आणि तो नुसता सरकून उभा राहायचा. जॉबरिणीनं चार दिवस बघितलं. मग ती चार पायांचा वॉकर टेकत टेकत मागच्या दारापर्यंत आली आणि बदकांनाच ओरडली.

कामांची वाटणी उलटली. उतारावर जायला तिला कायमची बंदी झाली. ती मागच्या दारात खुर्चीवर बसायची, आणि जॉबर चिखलात उतरायचा. पाय फुटलेला चिखल आता त्याच्याच अंगाला लागायचा. अंडं कुठे शोधायचं, कुठली बदकी खुडूक झाली, टबातलं पाणी कधी बदलायचं, हे ती तिथून ओठांनी सांगायची. तो वाकलेला असला की तिला थांबावं लागायचं, आणि थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. म्हणून तिनं शेजारी खडे ठेवले. तो बघत नसला की ती त्याच्या पुढ्यात पाण्यात खडा टाकायची. कधी कधी खडा पाठीत बसायचा. तो चुकून, असं ती म्हणायची.

जॉबरनं दुरुस्तीची बैठकही व्हरांड्यातून मागच्या दाराशी हलवली. गिऱ्हाइकांना वळसा घालून यावं लागतं, ते कुरकुरतात. उतारावर त्यानं जुन्या पाइपांचा कठडा बसवला. हाताखालचं यंत्र कितीही उघडलेलं असो, मध्येच मान वर करून तो आवारावरून नजर फिरवतो. हंसांच्या माना खाली असल्या तर पुन्हा कामाला लागतो. माना वर असल्या तर उठून जातो. बहुतेक वेळा पिशवी उडालेली असते. तरी जातो.

शिंपिणीच्या मनाला मात्र त्या दिवसाचं लागून राहिलं. ती एक दिवस वाटीभर काहीतरी गोड घेऊन आली आणि खुर्चीजवळ उभी राहिली. "मी फाटकापर्यंत आले होते हो," ती म्हणाली.

"आली होतीस," जॉबरीण म्हणाली, "पण शिव्या द्यायला आली होतीस. बस. गोड काय आणलंस?"

आता हंस ओरडले की शिंपीण आधी हातातलं काम टाकून रस्ता ओलांडते. मीटरवाला आला तरी येते, घार गेली तरी येते. दर वेळी जॉबरीण तिला सांगते, "काही नाही गं, जा." आणि दर वेळी ती फाटकातून तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत बघितल्याशिवाय जात नाही.

पुढच्या जोडीच्या दिवसांत नराची रग परत आली. त्यानं मीटरवाल्याची पँट फाडली. जॉबरनं आडभिंतीची जाळी माळ्यावरून काढली आणि दोघं ती उभारायला बसले, म्हणजे तो उभारत होता आणि ती कुठे वाकडी आहे ते सांगत होती. पोरगीला जाळीच्या कुठल्या बाजूला ठेवायचं, हंसांकडे की तिच्या बदकी आईकडे, यावरून दोघांचा बराच वेळ वाद चालला. पोरगी हंस आहे, असं जॉबरचं म्हणणं. ती बदकांत वाढली, असं जॉबरिणीचं. शेवटी जाळीला एक छोटी फट ठेवली, पोरगीच्या मापाची. पोरगी अर्धा दिवस त्या फटीशी बसून राहिली, आणि मग बदकांकडे गेली.